गोठा आहे का, ते आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या सुट्टी पुरवणीत कोकणावर अख्खं पान होतं. फोटो झकास, पण मजकूर वाचून झाल्यावर वाटलं की ह्यात समुद्र सोडून कोकणातलं काही आलंच नाहीये. स्कूबा, जेट स्की, सी-व्ह्यू रूम, आणि खाली चौकटीत चार दिवसांत गुहागर ते तारकर्ली असा प्लॅन. ज्या कोणी तो प्लॅन बनवलाय त्यांनी मे महिन्यात लहान पोरांना मागे बसवून तो रस्ता एकदा तरी केलाय का हो? निम्मी सुट्टी गाडीत जाते, उरलेली चेक-इन चेक-आऊटमध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी तोच बीच, तोच नारळवाला, तोच सूर्यास्त.

माझं म्हणणं सरळ आहे. कोकणात सुट्टीला जायचं तर एकच घर धरा, ज्याच्याकडे खरी वाडी आणि भरलेला गोठा आहे असं, आणि तिथून तासाभराच्या आत जे आहे तेवढंच बघा. बाकीचं कोकण कुठे पळून जात नाही.

आम्ही ह्या उन्हाळ्यात तसंच केलं. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत, खाली नारळ-पोफळीचं आगर आणि वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर, हापूसची कलमं असं एक घर, पाहुण्यांसाठी फक्त दोन खोल्या. सी-व्ह्यू वगैरे काही नाही, खिडकीतून गोठा दिसतो. कोकण रेल्वेनं चिपळूणला उतरायचं आणि तिथून एसटीनं किंवा रिक्षा-जीप करून पुढे, गुहागर साधारण ४५ किलोमीटर आहे. गाडी नेली नाही हे फार बरं झालं कारण गाडी दारात असली की आमचे हे रोज सकाळी "चला आज इथे जाऊन येऊ" सुरू करतात.

माझ्या सासूबाई मूळच्या सातारकडच्या, त्यांच्या माहेरी खिल्लार बैल आणि मोठाली जनावरं. त्यामुळे गोठ्यात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांचा पहिला उद्गार, "एवढीशी गाय?" घरच्या आजी हसल्या. म्हणाल्या, "अहो, तुमची मोठी गाय इथे आणलीत तर पहिल्या पावसात पाय घसरून पडेल." मग कळलं की ही लहान चणीची तांबूस-काळी गाय म्हणजे कोकण कपिला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद केलेली आहे. दूध फार नाही, आजींच्या हिशोबानं दोन्ही वेळचं मिळून दोन-अडीच लिटर, पण डोंगरउतारावर चरायला जाते, इथला प्रचंड पाऊस आणि दमट हवा सोसते आणि खायला नखरे करत नाही. यांनी लगेच "मग परवडतं का" विचारलं, शहरातल्या माणसाला दुसरं काय सुचणार. आजी म्हणाल्या दुधात नाहीच परवडत, शेणात परवडतं. पोफळींना, कलमांना, भाताला सगळं शेणखत घरचं, ते विकत आणायचं म्हटलं तर कंबर मोडेल.

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं कारण आपण शहरात गाय म्हणजे दूध एवढंच धरून चालतो.

त्या गोठ्यात एक म्हैस होती, दोन गाई, एक कालवड आणि नुकतंच झालेलं वासरू. परड्यात गावठी कोंबड्या, आणि एक शेळी जी कुणाचंच ऐकत नव्हती. (शेळ्यांचं सांगायचं तर सिंधुदुर्गाकडे कोकण कन्याळ नावाची जात आहे, तोंडावर पांढरे पट्टे असलेली, तिचीही तशीच नोंद आहे. तळकोकणात गेलात तर मुलांना ती ओळखायला लावा, जेट स्कीपेक्षा जास्त लक्षात राहतं.) माझी धाकटी पहिल्या दिवशी वासराला मिठी मारायला धावली तर आजी म्हणाल्या, "अगो, आधी हाताचा वास घेऊ दे तिला. आणि मागून जाऊ नको, दिसेल अशी समोरून ये." मग रोज सकाळी ही बाई पेंढ्याची पेंडी घेऊन गव्हाणीपाशी उभी. धार काढायला बसली तेव्हा दहा मिनिटं खटपट करून चार थेंब आले, म्हैस मान वळवून बघत होती की हे काय चाललंय.

आता आरामाचं. लोक विचारतात तिकडे करायचं काय? खरं सांगू का, कुणी तुमचं मनोरंजन करत नाही ह्यातच सगळा आराम आहे. पहाटे धार, मग आंबोण म्हणजे गुरांचं भिजवलेलं खाद्य, मग गुरं बाहेर, मग आगरात शिपणं म्हणजे पोफळींना पाणी सोडायचं, पाटातून एका आळ्यातून दुसऱ्यात, तिथे पोरं चिखलात तासन् तास खेळतात आणि पाणीपण वळवतात. वर कलमांवर झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीनं, आंबे काढायचं काम चालू असतं, डेख म्हणजे देठ ठेवून काढायचा, चीक सालीवर सांडू द्यायचा नाही, मग माळ्यावर पेंढ्यात पिकायला आढी घालायची. रत्नागिरीसह कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय हे आपण पेटीवर वाचतो, पण आढीत हात घालून कुठला आंबा उद्या खायचा आणि कुठला परवा हे वासावरून सांगणारी आजी पेटीबरोबर येत नाही. मे महिन्यात दुसरीकडे रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडायचं काम असतं, सालीला रसाची आणि मिठाची पुटं देऊन पुन्हा पुन्हा उन्हात वाळवायची की आमसूल तयार, रस मीठ घालून ठेवला की आगळ. माझे हात चार दिवस जांभळे होते, ऑफिसात सगळ्यांनी विचारलं.

दुपारी बारा ते चार अख्खं घर झोपतं. कुत्रा झोपतो, कोंबड्या मातीत खड्डे करून बसतात. आपणही पडवीत चटईवर पडायचं. फोनला रेंज सड्यावर गेलं तरच येते त्यामुळे यांचं ऑफिसपण झोपलेलं.

जेवणाबद्दल जास्त लिहीत नाही, तुमच्या पुरवणीत नेहमी तेच असतं. घावणे, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ, जे त्या दिवशी घरात शिजतं तेच पाहुण्यांना. मेन्यूकार्ड नाही, आणि पनीर मागू नका प्लीज.

आजूबाजूला बघण्यासारखं इतकं आहे की एका सुट्टीत संपत नाही. गुहागरात व्याडेश्वराचं देऊळ आणि मागे लांबच लांब किनारा. वेळणेश्वर. हेदवीचा दशभुज गणपती, शांत जागा, संध्याकाळी जावं. अंजनवेलला गोपाळगड, दाभोळच्या खाडीच्या तोंडावर, जमिनीकडच्या बाजूनं खंदक, तुळाजी आंग्र्यांनी तो सिद्दीकडून घेतला. जवळच टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह, तिथे कड्यावर उभं राहून वारा खायचा. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट आहे, गाडीसकट माणसं पलीकडे जातात. तवसाळहून जयगडला पण तशीच फेरी, पलीकडे गेलं की जयगडचा किल्ला, आणि किनाऱ्यानं खाली गेलं की केशवसुतांचं मालगुंड. मुलांना गाडी बोटीवर चढते ह्याचंच एवढं कौतुक की किल्ला राहिला तरी चालेल.

पण मला सगळ्यात आवडलं ते बामणघळ. हेदवीच्या किनाऱ्यावर काळ्या कातळात एक अरुंद भेग आहे, भरतीची लाट आत घुसली की पाणी कोंडून उसळून वर उडतं. ओहोटीला गेलात तर नुसती खडकातली फट दिसते आणि लोक "ह्यात काय आहे" म्हणून सेल्फी काढून परत जातात. भरती कधी हे मोबाईलवर शोधत होतो तर घरचे काका कॅलेंडरकडे न बघताच म्हणाले, आज तिथी काय? तिथीची पाऊणपट करा. म्हणजे चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. थोडा मागेपुढे फरक पडतो पण दिवस ठरवायला पुरतं. इथली मच्छीमार माणसं पिढ्यान् पिढ्या हाच हिशोब करतात. आमच्या मोठ्यानं तिथेच बसून पुढच्या अख्ख्या पंधरवड्याचं टाईमटेबल काढलं, शाळेत पाऊणकीचा पाढा कधी पाठ झाला नव्हता तो झाला. एवढंच की घळीच्या काठावर जाऊन उभे राहू नका, कातळ ओला आणि शेवाळी असतो, आणि समुद्रात पोहायचं तर आधी गावातल्या कुणाला तरी विचारा.

आता थोडं कडू. आमच्या बिल्डिंगमधले एकजण गेल्या वर्षी कृषी पर्यटन अशी मोठी पाटी बघून दुसरीकडे कुठेतरी राहून आले. तिथे शेत म्हणजे कृत्रिम लॉन, बैलगाडी सिमेंटची, पिंजऱ्यात चार ससे आणि एक घोडा ज्याच्यावर दिवसभर फोटो, रात्री डीजे. जनावरं आहेत, पण ती कामाची नाहीत आणि कुणाच्या ओळखीचीही नाहीत, नुसती प्रॉप. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, प्रमाणपत्र मिळतं, हे सगळं चांगलंच आहे आणि बुकिंग करताना ते प्रमाणपत्र मागावंच. पण कागदावरून गोठ्यात गाय आहे का आणि तिला हाक मारली तर ती वळून बघते का हे कळत नाही ना. म्हणून मी आता फोनवर सरळ विचारते: गोठा आहे का, धार कोण काढतं, सध्या शेतात काय काम चालू आहे? ज्याच्याकडे खरंच शेती आहे तो माणूस तिसऱ्या प्रश्नावर वीस मिनिटं बोलतो. बाकीचे पॅकेजचे रेट सांगतात.

मी त्या काकांना निघताना बोलता बोलता विचारलं, एवढी मागणी आहे तर अजून दोन-तीन खोल्या का नाही बांधत? ते म्हणाले, "दोन खोल्यांची माणसं आणि गोठा असं दोन्ही आम्हाला जमतं. तिसरी बांधली तर पहिली गाय विकावी लागेल." त्यांच्या वस्तीतले बरेच गोठे रिकामेच झालेत, पोरं मुंबई-पुण्याला, नांगरणीला पॉवर टिलर आला, म्हातारी माणसं किती दिवस वैरण आणणार. पाहुण्यांच्या पैशातून ह्यांच्या पेंढ्याचा आणि एका गड्याचा खर्च निघतो म्हणून हा गोठा अजून भरलेला आहे. म्हणजे आपण तिथे गेलो तर गाय राहते, पण आपण फार जास्त गेलो, खोल्या वाढल्या, एसी आले, स्विमिंग पूल आला तर आपल्यामुळेच ती जाते. हे गणित आपल्यासारख्या पर्यटकांना माहीतच नसतं.

हे जमू शकतं ह्याचं उदाहरण आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे. मंडणगड तालुक्यातलं वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमाराला तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, मग पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले आणि गावातल्याच घरांमध्ये त्यांची राहायची-जेवायची सोय झाली. आधी जी अंडी चोरीला जायची ती गावकरीच राखायला लागले, कारण कासव आलं तर पाहुणे येतात. गुहागरच्या किनाऱ्यावरही अशी घरटी असतात. मादी अंडी घालून गेली की साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, बघायचं तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरा आणि किनाऱ्यावर टॉर्च-फ्लॅश मारत फिरू नका. तिकडे खाली कुडाळजवळ पिंगुळीला गोठ्याची अजून वेगळीच गंमत आहे, पद्मश्री परशुराम गंगावणे यांनी ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय चक्क आपल्या गोठ्यात उभं केलं. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, पण पिंगुळी तुमच्या पानावर नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं बोलते, राग मानू नका. जनावरांना वेफर्स, बिस्किटं घालू नका. शिळ्या पोळ्या आणि भात पुण्य म्हणून पातेलंभर घातला तर गुराचं पोट फुगतं आणि रात्री डॉक्टर शोधायची पाळी त्या घरावर येते, तुम्ही तोवर झोपलेले असता. आजींना विचारून मूठभर पेंढा द्या, तेवढं पुष्कळ. आणि रस्त्यात गाडी थांबवून माकडांना केळी देणं तर बंदच करा. कोकणातल्या शेतकऱ्याला माकडांनी आणि रानडुकरांनी जेरीस आणलंय, कोवळे नारळ, आंबा, भाजीपाला काही राहू देत नाहीत, कित्येकांनी भाजी लावणंच सोडलं. आपण लाडानं खायला घालतो आणि ती टोळी माणसाला घाबरेनाशी होते, मग ती कुणाच्या आगरात शिरणार? तुम्ही राहताय त्याच्याच. मुलांना गोठ्यातून आल्यावर साबणानं हात धुवायला लावा, अनवाणी सोडू नका, संध्याकाळनंतर गवतातून बॅटरीशिवाय फिरू नका. साप असतात, उगाच घाबरायचं नाही आणि उगाच शूरपणाही करायचा नाही.

कधी जायचं हाही प्रश्न असतोच. सगळे मे महिन्यात जातात कारण शाळा आणि आंबा. उकाडा भयंकर, शेवटच्या आठवड्यात पावसाची धाकधूक, आणि घरची माणसं आंब्याच्या पेट्या भरण्यात बुडालेली. मला विचाराल तर जुलैत लावणीच्या वेळी किंवा ऑक्टोबरमध्ये कापणीला जा. पावसात सडा इतका हिरवा होतो आणि नंतर त्यावर रानफुलं येतात की मे महिन्यातला तोच काळा कातळ ओळखू येत नाही. मासे खायला म्हणून जाणार असाल तर मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते हे लक्षात ठेवा, हॉटेलात त्या दिवसांत ताजी सुरमई म्हणून काय वाढतात देव जाणे. लावणीला हौस म्हणून चिखलात उतरायला हरकत नाही पण चार रोपं लावून फोटो काढून आवण तुडवून बाहेर येणार असाल तर बांधावरच बसा. आवण म्हणजे भाताची रोपं, ती वाया गेली तर दुसरी मिळत नाहीत.

तर संपादक साहेब, माझी विनंती एवढीच आहे. दिवाळीच्या सुट्टीची पुरवणी काढाल तेव्हा एक पान अशा दोन-तीन खोल्यांच्या घरांना द्या. प्रत्येक तालुक्यातली थोडी, नोंदणी असलेली, गोठा असलेली, आणि तुमचा वार्ताहर स्वतः जाऊन एक रात्र राहून आलेला. स्टार वगैरे देऊ नका. कोणती जनावरं आहेत, कुठल्या महिन्यात कुठलं काम चालतं, जवळ एसटी कुठे थांबते, म्हाताऱ्या माणसांना कमोड आहे की नाही, एवढं लिहिलं तरी पुरे. हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, माझ्या सासूबाईंसाठी आम्ही तीन घरं त्यावरून सोडली होती.

आणि फोन नंबर छापायच्या आधी त्या त्या घरच्या माणसांना विचारा. आमच्या काकांना मी पत्राचं सांगितलं तर ते म्हणाले, नाव नको घालू गो, शिमग्यापर्यंत खोल्या भरल्यात आणि म्हैस व्यायला झालीय. म्हणून घातलेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

तुमची एक जुनी वाचक,
डोंबिवली